घोंगडीवरचा भुऱ्या

माझ्या थोरल्या जावेला समदे केशरबाई म्हणतात, मी अक्का म्हणते. आखाडा बाळापूरच्या अलीकडं रोड सोडून आत वळलं की आमची वस्ती. तिथं आमची दोघींची घरं अशी चिटकून की तिच्या चुलीचा धूर माझ्या डोळ्यात जातो आन् माझं बोलणं तिच्या कानात. दोघींचे नवरे गेले. माझ्या पोरी नांदायला गेल्या, तिचा एकुलता एक धम्मानंद पुण्याला कंपनीत हाय. राहिलो आमी दोघी आन् तिच्या शेळ्या.

मला बोलायची सवय हाय, राग बी लवकर येतो, ते आधीच सांगून ठेवते. अक्काचं उलटं. तिला काही विचारलं की ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत उत्तर देते, ते बी एका शब्दाचं. मी म्हणते, "अक्का, मी काय भिंतीसंग बोलून राहिले का?" तर म्हणते, "ऐकून राहिले ना." बास. मी सून होऊन आले तवापासून हेच चाललंय. पण ह्या बाईनं शेळ्यांच्या जिवावर लेक शिकवला. तिचे मालक सोनाजी भाऊजी गेले तवा धम्मा मांडीवर होता. सकाळून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, दुपारून शेळ्या घेऊन माळावर. बोकड इकायची वेळ आली की त्या दिवशी जेवायची न्हाई. मी म्हणायची, "अगं इकलास ना, मंग आता उपाशी राहून त्यो काय परत येणार हाय?" तर म्हणायची, "भूक न्हाई." असली बाई.

मागच्या उन्हाळ्यात अक्का वढ्यात पडली. एक करडू खालच्या खडकात अडकलं म्हणून उतरायला गेली आन् पाय सटकला. कंबरेला असा मार बसला की उठता येईना. मी नेमकी बाळापूरच्या बाजाराला गेलेली. हाका मारून मारून बाईचा गळा बसला, पण माळावर ऐकायला कोण हाय? दिवस कलायला लागला आन् लांडगा आला. त्यानं तिच्या डोळ्यादेखत ते करडू उचललं. बाजारातून आल्यावर मी माणसं घेऊन तिला हुडकून घरी आणलं. हळद लावायला बसले तर म्हणली, "आशे, कंबरेची तकलीफ न्हाई गं. त्यानं माझ्याकडं बघत बघत नेलं, आन् मला उठता न्हाई आलं."

धम्मा पुण्याहून धावत आला. मायची दशा बघून पोरगं घाबरलंच. म्हणला, "माय, बास झालं. शेळ्या इकायच्या आन् पुण्याला चलायचं." पोरगं वाईट न्हाई. त्याची बायको ज्योती बी चांगली हाय, तिनं तर सासूसाठी खोली रिकामी करून ठेवली. पण अक्का एकदा पुण्याला जाऊन आली होती. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत उभी राहून दिवसभर खाली बघायची म्हणे. आठवडा भरला न्हाई तर परत. मी विचारलं, काहून आलीस? तर म्हणली, "तिथं बोलू कुणासंग?" घ्या! हितं जशी लई बोलते!

लेक हट्टाला पेटला तवा अक्कानं एकच तोड काढली. म्हणली, "कुत्रं पाळते. संगं कुत्रं असलं म्हंजी लांडगा बी येत न्हाई आन् मी बी एकटी न्हाई." धम्मानं डोकं खाजवलं. मंग म्हणला, "बरं. सोयाबीन निघंपर्यंत बघतो. कुत्रं तुझ्यासंग माळावर जायला लागलं तर तू राहा. न्हाई तर शेळ्या जळबा व्यापाऱ्याला द्यायच्या आन् मी गाडी घेऊन येतो." अक्कानं मान हलवली. खरं सांगते, अक्का गेली तर ह्या वस्तीत मी कुणावर चिडू?

वसमत रोडला मुक्या जनावरांचा एक आसरा हाय. स्वानंद नावाचं पोरगं आन् त्याची बायको केतकी, दोघं मिळून चालवतात. ती जनावरांची डॉक्टर हाय. धम्मानं मोबाईलवर शोधून फोन लावला आन् आमी दोघी एसटीनं गेलो. फाटक उघडलं तशी समदी कुत्री एकदम जाळीवर आली. मी अक्काच्या मागं दडले, कारण लहानपणी एक कुत्रं माझ्या पोटरीला डसलं होतं, तवापासून ही जात मला सहन होत न्हाई. तरी बी मी एक दांडगं काळं कुत्रं हेरलं. म्हणलं, "अक्का, हेच घे. ह्याच्या भुंकण्यानं लांडगा काय, व्याही बी यायचा न्हाई."

अक्काचं ध्यान भलतीकडंच. पार कोपऱ्यात पायाला पट्टी बांधलेली एक शेळी बसली होती, आन् तिला चिटकून एक भुरं कुत्रं. अजून पोरच होतं ते, पाय लांब लांब, अंगात मांस न्हाई. आमी जवळ गेलो तर त्यानं तोंड शेळीच्या पोटाखाली खुपसलं.

केतकी म्हणली, "आजी, हा फार लाजरा आहे. माणूस आलं की तोंड लपवतो. मेंढपाळांच्या कळपातला आहे. कळमनुरीच्या पुढं एका कळपात ट्रक शिरला होता. मेंढरं मेली, मालकाचंही काही कळलं नाही. बाकीची माणसं निघून गेली, पण हा तिथंच बाभळीखाली एका फाटक्या घोंगडीवर बसून राहिला. उन्हात, पावसात. उठेचना. शेवटी स्वानंदनं जाळी टाकून आणला."

अक्कानं त्याला हाक मारली न्हाई, चुटकी वाजवली न्हाई. जरा अंतरावर त्याच्याकडं पाठ करून खाली बसली. बसली ती बसलीच. मला इकडं ऊन लागून राहिलं, एसटीची येळ होऊन राहिली. शेवटी ती लंगडी शेळी उठून अक्काचा हात हुंगायला आली. तिच्या मागं मान लांब करून त्या कुत्र्यानं अक्काच्या पदराचं टोक हुंगलं. अक्का म्हणली, "हेच."

"अगं बाई," मी म्हणलं, "हे आपल्याला राखंल का आपुन ह्याला राखायचं?"

मंग केतकीनं विचारायला सुरुवात केली. झोपायला कुठं देणार, खायला काय देणार, बांधून तर ठेवणार न्हाई ना, मारत तर न्हाई ना. मला राहवलं न्हाई. म्हणलं, "ताई, कुत्रं द्यायलात का पोरगी?" स्वानंद हसायला लागला. म्हणला, "काकू, तसंच समजा. घर बघायलाही येऊ. आणि नाही रुळला तर रस्त्यावर सोडू नका, आमच्याकडं परत आणा." अक्का तवर त्या कुत्र्याला शालीत गुंडाळून उठली बी होती. जाता जाता म्हणली, "घरी नेलेलं लेकरू कुणी परत करतं का?" ते एवढं लांबलचक वाक्य ऐकून मीच चाट पडले.

आमच्याकडं पाव्हणा आला की घोंगडी टाकायची रीत हाय. उघड्या भुईवर कुणाला बसवत न्हाईत. अक्कानं घरी आल्या आल्या पेटी उघडली आन् सोनाजी भाऊजींची काळी घोंगडी बाहेर काढली. त्यांच्या मागं तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, धम्मा सुदीक न्हाई. तिनं ती ओसरीवर कुत्र्यासाठी अंथरली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अक्का, भाऊजींची घोंगडी! कुत्र्याला!" तर म्हणली, "पहिल्यांदा घरी आलाय. पाव्हणाच की." त्या कुत्र्यानं घोंगडी हुंगली, तिच्याभवती एक फेरी मारली आन् बराबर मधोमध जाऊन बसलं. अक्काला लई आनंद झाला. भुऱ्या नाव बी तिनं तिथंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अक्का शेळ्या घेऊन निघाली. "चल रे भुऱ्या," म्हणली. भुऱ्या उभा राहिला, कान टवकारले, शेळ्यांकडं बघून कुईकुई केलं, समदं अंग थरथरून राहिलं, पण पाय काही घोंगडीच्या बाहेर पडंना. तिनं भाकरी दाखवली. दूध दाखवलं. दोरी लावून बघितली तर ते आडवंच झालं. तिनं दोरी सोडून दिली. रोज हेच. लिंबामागं जाऊन पाय वर करायचा आन् पळत येऊन घोंगडीवर. ताट जवळ सरकवलं तर खायचं, दूर ठेवलं तर उपाशी. सांजच्याला शेळ्या परत आल्या की शेपूट हलवायचं, तेवढंच. मी झाडू घेऊन ओसरीवर गेले की डोळे मिटून घ्यायचं, जसं काही मी दिसले न्हाई म्हंजी मी आलेच न्हाई.

आमी म्हणलं, भेकड हाय. केतकीला फोन केला तर ती म्हणली, घाई करू नका, माया करा. आता मायेला कमी नव्हती. अक्का रोज सकाळी त्याच्या अंगाखालची घोंगडी कोपरे ओढून ओढून नीट करायची, त्याला बसायला बरं पडावं म्हणून. तिकडं सोयाबीन पिवळं पडायला लागलं. धम्माचा फोन यायचा, "माय, यायलंय का कुत्रं माळावर?" अक्काला खोटं बोलता येत न्हाई. म्हणायची, "न्हाई अजून." एक दिवस जळबा व्यापारी येऊन शेळ्यांच्या पाठी चाचपून गेला. तो चाचपत होता तवर अक्का भिंतीकडं तोंड करून उभी होती. तो गेल्यावर ती भुऱ्यापाशी जाऊन बसली. मी माझ्या अंगणात भांडे घासून राहिले होते, मला समदं ऐकू आलं. म्हणली, "चल की रे लेकरा. माझं समदं हितंच हाय रे. मी तिथं जाऊन काय करू?" माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. माझ्याजवळ तिनं असं कधी म्हणलं नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी अक्का माळावर गेलेली. मी तिची ओसरी झाडायला गेले तर भाऊजींच्या घोंगडीवर नुसते केस! माझं टाळकं फिरलं. "ऊठ मेल्या!" म्हणलं. "तुझ्यापायी ती बाई पुण्याला चालली, आन् तू हितं राजावानी बसलास व्हय?" राग एवढा की कुत्र्याची भीती बी इसरले. त्याच्या खालून घोंगडी ओढली, फाडफाड झटकली, खांद्यावर टाकली आन् बोरवर धुवायला निघाले. चार पावलं गेले आन् मागं वळून बघितलं तर भुऱ्या माझ्या मागं! शेपूट वर, कान वर, चालणं कसं ऐटीत.

मी पाय उचलले, त्यानं बी उचलले. मी पळाले, ते बी पळालं. मंग काय इचारता! ह्या वयात लुगडं गुडघ्यावर धरून, खांद्यावर घोंगडी टाकून, मी बांधावरून धूम. शेजारच्या रानातला गोपीचंद त्याच्या हळदीला पाणी देऊन राहिला होता. त्यानं वरडून विचारलं, "काकू, कुठं निघाल्या?" मी म्हणलं, "मरायला!" तशीच माळ चढले आन् बोंब ठोकली, "अक्का, धर गं ह्याला, खाल्लं मला!"

भुऱ्या माझ्या बाजूनं सुसाट पुढं गेला. अक्काच्या शेळ्या गोपीचंदच्या हळदीकडं सरकून राहिल्या होत्या. हा पोटावर वाकून लांबून फिरला, आवाज न्हाई काही न्हाई, आन् समद्या शेळ्या गोळा करून अक्काच्या पुढ्यात आणून उभ्या केल्या. जसं जन्मापासून तिच्याच घरी हाय. अक्का तोंड उघडं टाकून बघतच राहिली. मी भुईवर बसले, छातीचा भाता झालेला.

मंग अक्का माझ्या खांद्याकडं बघायला लागली. हळूच म्हणली, "आशे, ती घोंगडी खाली टाक." मी टाकली. भुऱ्या आला आन् तिच्यावर बसला. "आता उचल." उचलली. भुऱ्या उठला.

अक्कानं कपाळाला हात लावला. म्हणली, "आगं, माझ्या माहेरी रानात मेंढ्या बसवायला मेंढपाळ यायचे ना, खतासाठी? त्यांना गावात जायचं असलं की घोंगडी टाकायचे आन् कुत्र्याला म्हणायचे, बस. दिवसभर कुत्रं हलायचं न्हाई. मालकानं घोंगडी उचलली की मोकळं." एवढं बोलली आन् तिचा चेहराच पडला. "म्हंजी तिथं रोडवर बी त्याला कुणीतरी बस म्हणलं होतं गं. आपुन म्हणलं भेकड हाय. ते तर सांगितलेलं करून राहिलं होतं. आन् मी बी घरी आणून परत त्याच्यापुढं घोंगडीच टाकली. रोज नीट करून टाकली." ती खाली बसून रडायला लागली. भाऊजी गेले तवा बी ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. भुऱ्या जरा वेळ लांबून बघत राहिला, मंग आला आन् तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकला, त्यानं टाकू दिला. मी बी रडले. काहून न्हाई रडणार?

तवापासून अक्का घोंगडी खांद्यावर टाकून माळावर जायला लागली आन् भुऱ्या तिच्या पुढं. माणसाला तो अजून बी लाजतो. माझ्याजवळ यायला त्याला लई दिवस लागले, आन् मला त्याच्याजवळ जायला त्याहून जास्ती. स्वानंद आन् केतकी घर बघायला आले, पोहे खाऊन, खूश होऊन गेले. धम्माला फोनवर सांगितलं तर त्याला पटंना. म्हणला, "सोयाबीन निघालं ना? रविवारी येतो. डोळ्यानं बघतो, मंग ठरवू." अक्का म्हणली, "ये. बघ." तिच्या आवाजात असा जोर मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

पण गोपीचंदच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. त्यानं माझ्या पळण्याची गोष्ट बाळापूरच्या बाजारात मीठमसाला लावून सांगितली. भुरं कुत्रं, घोंगडी, समदं. ती गोष्ट तोंडातोंडी कुठल्या कुठं गेली, आन् शुक्रवारी दुपारी एक माणूस लंगडत लंगडत आमच्या वस्तीवर आला. डोक्याला पटका, अंगात वॉचमनचा खाकी शर्ट. अक्का माळावर होती. मी अंगणात गवार मोडत बसले होते.

म्हणला, "बाई, हितं एक भुरं कुत्रं हाय म्हणून ऐकलं. घोंगडीपाशी बसतंय म्हणे."

मी म्हणलं, "न्हाई बा. आमच्याकडं कुत्रंबित्रं काही न्हाई."

भुऱ्याचं जर्मनचं ताट तिथंच ओसरीवर पडलेलं. त्यानं ते बघितलं. माझ्याकडं बघितलं. मंग म्हणला, "पाणी मिळंल का?"

पाण्याला कुणी न्हाई म्हणतं का? पाणी दिलं. पाणी दिलं तर च्या बी ठेवावा लागला. मनात म्हणलं, पिऊन जाईल. पण तो बसला आन् आपणहून सांगायला लागला. त्याचं नाव दगडोबा. कळप घेऊन रोड वलांडायचा होता, दिवस मावळायला आलेला. त्यानं बाभळीखाली घोंगडी टाकली, पिलाला म्हणला, "बस खंडू, आलोच." आन् गाड्या थांबवायला रोडवर गेला. पुढचं त्याला आठवत न्हाई. डोळे उघडले तवा नांदेडच्या दवाखान्यात होता. पाय तुटलेला. बरीच मेंढरं मेली, राहिलेली भावानं दवाखान्यासाठी इकली. आता कापसाच्या एका जिनिंगच्या गेटवर वॉचमन हाय.

"भावाला म्हणलं, त्या बाभळीखाली जाऊन बघ," तो म्हणला. "तो लई उशिरा गेला. कुत्रं बी नव्हतं आन् घोंगडी बी नव्हती. बाई, मेंढरं गेली त्याचं मी रडून घेतलं. पण त्या पिलाला मी आलोच म्हणलं होतं. जेवताना बी तेच डोळ्यापुढं येतंय."

माझ्याच्यानं परत खोटं बोलवंना. गप बसले. मी गप बसले म्हंजी बघा.

सांजच्याला शेळ्यांच्या घंट्या वाजल्या. पुढं अक्का, मागं शेळ्या, कडेनं भुऱ्या. अंगणाच्या तोंडाशी भुऱ्या थबकला. नाक वर केलं. दगडोबा उठायला गेला, पण पायानं उठवंना, तसाच जमिनीवर गुडघ्यावर बसला. भुऱ्या पोट भुईला घासत घासत, कुईकुई करत त्याच्याकडं आला, जशी काही त्याचीच चूक झाली. त्याच्या पायाशी येऊन बसला आन् वर बघायला लागला. दगडोबानं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. "ऊठ रे खंडू," तो म्हणला. "ऊठ लेका. आलो मी. ऊठ." आन् एवढा दांडगा गडी ढसाढसा रडायला लागला.

अक्काला समजलं. तिनं खुंटीवरची दोरी काढली, दगडोबाच्या पुढं ठेवली आन् म्हणली, "तुमचाच हाय. न्या."

माझा तोल गेला. "अक्का, येडी झालीस का?" म्हणलं. "परवा धम्मा येऊन राहिला. कुत्रं गेलं की शेळ्या जातील, शेळ्यांच्या मागं तू जाशील. घर जाईल, माळ जाईल. आन् मी? मी एकटीनं ह्या भिंतीसंग बोलू का? मला न्हाई राहायचं तुझ्याबिगर, समजलं का तुला?"

"आशे, गप," अक्का म्हणली. "त्यांनी त्याला बस म्हणलं होतं. ते आले."

ह्या गडबडीत शेळ्यांकडं कुणाचं ध्यान नव्हतं. शेळ्या कोंडायच्या वाडग्याचं फाटक बंद, म्हणून त्या तशाच पुढं गोपीचंदच्या हळदीत शिरल्या. भुऱ्यानं दगडोबाच्या मांडीवरून मान उचलली. शेळ्यांकडं बघितलं, परत दगडोबाकडं बघितलं. त्याचं अंग थरथरायला लागलं, पण जागचा हलंना. अक्कानं हाक मारली न्हाई. तोंडावर पदर धरून उभी राहिली.

दगडोबानं डोळे पुसले आन् हातानं खूण केली. "जा."

भुऱ्या सुटला. हळदीला धक्का न लावता, लांबून वळसा घालून त्यानं एकेक शेळी बाहेर काढली. एक धाकटं करडू मागं राहिलं होतं, त्याच्यासाठी परत गेला, त्याला नाकानं ढकलत आणलं. अक्कानं फाटक उघडलं, समद्या आत गेल्या, तसा तो आल्या पाव्हण्याला इसरून वाडग्याच्या तोंडाशी आडवा झाला आन् जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागला.

दगडोबा लई वेळ त्याच्याकडं बघत बसला. मंग त्यानं दोरी उचलली, गुंडाळली आन् अक्काच्या हातात परत दिली.

"बाई," तो म्हणला, "माझ्याकडं एक लोखंडी गेट हाय. तिथं त्याला साखळीनं बांधावं लागंल, दिवसभर ट्रकच्या आवाजात. मला वाटलं होतं, माझं म्हणून एवढंच राहिलंय, ते तरी घेऊन यावं. पण त्याच्याकडं बघा की. कसा दिसून राहिलाय." पटका सारखा करत म्हणला, "त्याला ऊठ म्हणायचं राहिलं होतं, तेवढं झालं. कधी मधी येऊन बघून गेलो तर चालंल का?"

अक्का म्हणली, "बघून जायला यायचं न्हाई. जेवायला यायचं." आन् तिनं त्याला तसं जाऊच दिलं न्हाई. मी ज्वारीच्या भाकरी टाकल्या, ठेचा केला, तिनं स्वताच्या हातानं त्याला वाढलं. उजेड हाय तवर त्याला बाळापूरची गाडी धरायची होती. जाताना भुऱ्या त्याच्यासंग गोपीचंदच्या बांधापर्यंत गेला. दगडोबानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कानात काही बोलला आन् लंगडत पुढं निघाला. मागं वळून बघितलं न्हाई. आमी दोघी अंगणात उभ्या. अक्कानं माझा हात धरला होता, असा की बांगड्या रुतल्या. भुऱ्या बांधावर उभा राहून, दगडोबा वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. मंग पळत आला, वाडग्याला एक फेरी मारली आन् आपल्या जागी जाऊन पडला.

तेवढ्यात धम्माचा फोन वाजला. अक्कानं उचलला, पण तिच्या तोंडातून शब्द निघंना, म्हणून तिनं तो माझ्या हातात दिला. आन् मी, दिवसभर बोलणारी, मला बी बोलता येईना. तिकडून पोरगं घाबरून वरडून राहिलं, "माय? काकू? काय झालं? कुणी रडायलंय का?"

नाक वर ओढलं, पदरानं डोळे पुसले. म्हणलं, "काही न्हाई रे बाबा. रविवारी ये, ज्योतीला बी घेऊन ये, मायच्या हातचं जेवून जा. पण गाडीत जागा ठेवू नको. तुझी माय हितंच राहणार हाय."